जाऊबाईंची पाठ

माझ्या आईला जाऊबाई भरल्या घरात चोर म्हणाल्या, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि त्यांचं करायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

मी सगळं केलं. अंग पुसलं, घास भरवले, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली. तोंडातून मात्र शब्द काढला नाही. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "वैऱ्यावर प्रीती कशी करावी, ते या बाईंकडून शिका." मी मान खाली घातली, पण आतून सुखावले. खोटं कशाला बोलू.

घरी येऊन कूस बदलायला गेले, तर जाऊबाईंनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. त्यांची जीभ जड झाली होती.

"शिव्या दे हवं तर," त्या म्हणाल्या. "पण काहीतरी बोल गं. आठ महिने झाले मला पडून."

मी मनगट सोडवलं, उशी सारखी केली. उद्या बोलू, असं मनाशी म्हटलं. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी त्या गेल्या.

त्यांना शेवटची आंघोळ घालताना चर्चमधल्या बायका एकमेकींना जाऊबाईंची पाठ दाखवत होत्या. एक ओरखडा नव्हता.

"किती मायेनं केलंस गं," त्या म्हणाल्या.

मी तेव्हाही काही बोलले नाही.