वगळलेली फाइल

खाणीतला बोगदा खचला, आणि आत अडकलेल्या प्रत्येक माणसाची कचेरीत एकेक फाइल उरली. प्रत्येक फाइलमध्ये तोच शब्द: बेपत्ता. शोध थांबवायचा ठरला, तसे मोठे साहेब कॉम्प्युटरवाल्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सगळीकडे 'मृत' करून टाक. घरोघरी मेसेज आपोआप जातील."

"सगळ्या फाइली, साहेब?"

"अरे, मागे पत्ते बदलले होतेस ना त्या स्क्रिप्टने, चहा निवायच्या आत? तसंच."

त्यांतली एक फाइल या कॉम्प्युटरवाल्याच्याच थोरल्या भावाची होती. साहेबांच्या ध्यानात नव्हतं, यानेही आठवण करून दिली नाही.

स्क्रिप्ट म्हणजे चार ओळींचा हुकूम. एकेक फाइल उघड, 'बेपत्ता' शोध, तिथे 'मृत' लिही, पुढे चल. दळणच ते, वरून घालावं, खालून पडावं. त्याची सवय अशी, की आधी स्क्रिप्टला कुठल्या फाइली बदलणार ते नुसतं दाखवायला सांगायचं, बदलायला नाही. नावं सरसर वर सरकू लागली. पंपवाला, मुकादम, ते जुळे भाऊ. मग दादा. स्वतः अंधारात उतरून धाकट्याला उजेडातल्या खुर्चीवर बसवणारा दादा.

त्याने हुकुमात एक ओळ वाढवली: ही फाइल सोडून. मग एंटर दाबलं. पापणी लवते न लवते तोच काम उरकलं.

सकाळी वस्तीत मेसेज पोचले. एका घरात हंबरडा फुटला, मग शेजारच्या, मग समोरच्या. दारोदार फिरलेलं ते रडणं वहिनीचं दार तेवढं वगळून पुढे गेलं.

ऊन चढताना वहिनी कचेरीत आली. केस विंचरलेले, काखेत पिशवी.

"भाऊजी, काय हो, किती जीव टांगणीला लावाल! कुठल्या दवाखान्यात ठेवलंय त्यांना?"

"कुणाला, वहिनी?"

"थट्टा करता होय माझी? अख्ख्या गल्लीला मेसेज आले, मलाच नाही. शेजारीण म्हणाली, तुझा तेवढा सुटला गं बाई. तिच्या तोंडाकडे बघवेना, तशी पळतच आले." तिने पिशवी उघडून दाखवली. "धुतलेला सदरा आणलाय. चपलाही. आत हरवल्या असतील ना?"

"बसा आधी."

"बसायला नाही आले. पाय मोडला असला तरी सांगा. मी करीन त्यांचं सगळं."

"दादा सापडला नाही, वहिनी. कुणीच सापडलं नाही. तुमचा मेसेज मी अडवला. माझा हात धजला नाही."

तिने सदऱ्याची घडी नीट केली, पुन्हा नीट केली.

"म्हणजे त्या बायका रडत होत्या, आणि मी भांग काढत होते."

तिने खुर्ची ओढून घेतली.

"करा आता. माझ्यासमोर करा."

एका फाइलीला स्क्रिप्ट लागत नाही. त्याने दादाची फाइल उघडली, 'बेपत्ता'चं एकेक अक्षर मागून पुसत नेलं, आणि रिकाम्या जागी तो दुसरा शब्द स्वतःच्या बोटांनी लिहिला.

वहिनीने तो वाचला. ती उठली.

"येते," ती म्हणाली. "तिकडे सगळ्या जमल्यात. मलाच उशीर झाला."