पोरीचं दूध

अंबिकेच्या पोरीला सातव्या महिन्यातच बाहेर यायची घाई झाली, आणि त्या दिवसापासून भेटेल तो माणूस अंबिकेला शहाणपण शिकवू लागला.

पोर परळच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती. वितीएवढीच दिसायची. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा मोजाव्यात. पेटीला वरून झाकण, बाजूला हात घालायला गोल दारं, खाली विजेची ऊब आणि पाण्याचं भांडं.

"पोटात कशी ऊब आणि ओल असते, तशी इथं ठेवावी लागते," वॉर्डच्या सिस्टर राजलक्ष्मी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "झाकण उघडलं की ती गार पडते. मग सगळी ताकद अंग ऊन ठेवण्यातच जाते, वाढायला काही उरत नाही. तेव्हा हात लावायचा नाही. समजलं?"

समजलं होतं. पण घरी सासूला, राधाबाईंना, कोण समजावणार?

"पेटयेत ठेवून पोर वाढता काय खंय?" त्या उठल्यासुटल्या म्हणायच्या. "माझ्याकडे दे. तेल लावतंय, कुशीत घेतंय."

त्यात पोरीचं वजन वाढायच्या ऐवजी आधी उतरलंच. सिस्टर म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांचंच उतरतं. राधाबाई म्हणाल्या, बघ, मी सांगत होतंय. अंबिकेला दोघींचीही तोंडं बघवेनात.

इस्पितळाने तिला घरी सोडलं, पोरीला नाही. पोरीला चोखायचं बळ नव्हतं, नाकातल्या नळीतून थेंबथेंब दूध जायचं. ते आईचंच हवं. म्हणून अंबिका काळाचौकीच्या खोलीत उकळलेल्या बाटलीत दूध काढायची, बाटली स्वच्छ फडक्यात गुंडाळायची आणि चालत परळ गाठायची. नवरा आनंदा गिरणीतून सुटला की संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात, आणि शेवटी सत्याग्रह करून थेट तुरुंगात.

"मुंबई मिळंल हो तुम्हाला," त्याला पोलीस गाडीत चढवत होते तेव्हा ती ओरडली होती, "पण दूध कोण पोचवंल?"

मग हरताळ झाला. ट्राम बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगडांचा खच. नाक्यावर हवालदाराने तिला अडवलं.

"काय आहे फडक्यात?"

"दूध."

"बाटली दिसतेय. सकाळपासून सोड्याच्या बाटल्या येतायत आमच्या डोक्यावर. कुणासाठी दूध?"

"माझ्या पोरीसाठी."

"पोर कुठाय?"

"पेटीत."

हवालदाराचा चेहरा पडला. त्याने टोपी सारखी केली. "अरेरे. मग आता दूध कशाला, बाई?"

"जिवंत आहे हो ती!" अंबिका किंचाळली. "इस्पितळात काचेची पेटी असते, त्यात आहे!"

काचेच्या पेटीत पोर, हे काही त्याला पटलं नाही. त्याने बूच काढलं, वास घेतला आणि खात्री करायला बोट आत बुडवून चाखलं. "दूधच आहे की," म्हणत त्याने बाटली परत केली. "जा."

अंबिकेने त्याचं बोट बुडालेली बाटली त्याच्या बुटांसमोर गटारात रिकामी केली आणि चालू लागली.

वॉर्डात शिरते तोच सिस्टर राजलक्ष्मी कडाडल्या, "ही काय वेळ झाली? आणि दूध?"

"हवालदार प्याला!" अंबिकेचा आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. "सासू म्हणते बाहेर काढ, तुम्ही म्हणता हात लावू नको, नवरा तुरुंगात, रस्त्यावर पोलीस. मी जन्म दिलाय हिला, आणि मलाच कुणी विचारत नाही!"

सिस्टरनी तिला पडद्याआड बसवलं, वाटी दिली. पण रागाने अंग असं ताठलेलं, की दूध उतरेना. थोड्या वेळाने सिस्टर डोकावल्या, रिकामी वाटी बघून कपाळावर हात मारला.

"अहो, मला काय हौस आहे तुम्हाला लांब ठेवायची? या इकडे. हात धुवा. कोपरापर्यंत."

पेटीचं गोल दार उघडून त्यांनी तिचा हात आत नेला. आतली हवा ऊन, ओलसर होती. अंबिकेने बोटाचं टोक पोरीच्या तळपायाला लावलं. पाय झटकन आखडला, आणि परत येऊन बोटाला टेकला. अंबिकेच्या चोळीवर दोन ओले डाग पसरले.

"आता जा, वाटी घ्या," सिस्टर घाईघाईने दार लावत म्हणाल्या. "आणि रडायचं तर पडद्याआड रडा."

पुढे वजन चढू लागलं, कधी इतकं थोडं की काटा हललाय की आपल्यालाच वाटतंय ते कळू नये. शिरा झाकल्या गेल्या, गालांना गोलाई आली. एका सकाळी नळी निघाली, आणि सिस्टरनी स्वतः झाकण उघडून पोर अंबिकेच्या ओटीत ठेवली.

आनंदा सुटून आला तेव्हा पोर घरी होती. त्याची दाढी वाढलेली, डोळे लकाकत होते.

"अंबे, हिचं नाव संयुक्ता ठेवूया!"

"मला विचारलंत?"

तो गांगरला. "बरं, तू सांग."

"ललिता," अंबिका म्हणाली, आणि ओल्या दुपट्यांची बादली त्याच्या हातात दिली. "गॅलरीत वाळत घाला. पिळून."

राधाबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी आनंदाला गॅलरीची वाट मोकळी करून दिली.