घरातल्या घरात इंदूर

इंदूरला जायचं की नाही, हा गेल्या वर्षभरात आमच्या घरात भांडणाचा एकच विषय उरला होता. बाकीचे सगळे विषय लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत भांडून संपले होते.

आमचे हे, म्हणजे श्यामसुंदर, विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि मी महापालिकेच्या पाणी खात्यातून. मुलुंडची आमची जुनी चार मजली इमारत पाडून तिथं बावीस मजल्यांचा टॉवर झाला. मोठा फ्लॅट मिळाला म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. मग मेंटेनन्सचं पहिलं बिल आलं. ते ह्यांनी तीनदा वाचलं, तेव्हा मी पाणी आणून दिलं. बिलात लॉबीतल्या कारंज्याचेही पैसे होते.

"मी त्या कारंज्याकडे ढुंकूनही बघत नाही," हे म्हणाले. "मग मी का भरू?"

त्यातच ह्यांचा ऑफिसातला मित्र चंद्रप्रकाश मुलाजवळ इंदूरला राहायला गेला आणि रोज फोन करायला लागला. तिथं दूध स्वस्त, कामवाली बाई स्वस्त, डॉक्टर स्वस्त, रस्ते इतके स्वच्छ की खाली पडलेला पोहा उचलून खावा. मुलुंडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा, तिकडे एखाद्या बंगल्याचा तळमजला घ्यायचा, आणि वरच्या पैशांत ऐटीत राहायचं, असा त्याचा सल्ला. सल्ल्यावर थांबेल तर तो चंद्रप्रकाश कसला. त्यानं एक तळमजला बघूनही ठेवला. महिनाअखेर टोकन द्या, तोवर घरमालकाला मी थोपवतो, म्हणाला.

मला जायचं नव्हतं. समोरच्या दारात सुहासिनी, खाली सातव्या मजल्यावर अंबादास, आणि जुन्या इमारतीतली सगळी माणसं याच टॉवरमध्ये. दूध नासलं तर दूध, विरजण संपलं तर विरजण, छातीत दुखलं तर माणूस. हे सोडून त्या तळमजल्यात मी कोणाच्या दाराची बेल वाजवणार होते? ह्यांना हे सांगितलं की हे म्हणत, "त्याची किंमत सांग, धरतो हिशोबात." विम्याचा माणूस. कशाचीही किंमत विचारतो.

शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. रंगीत तालीम करायची! महिनाभर घरातल्या घरात इंदूरला राहायचं. म्हणजे मुलुंडमध्ये आपली कोणाशीच ओळख नाही असं समजायचं. कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही, कोणाकडे जायचं नाही. फोन चालेल, कारण इंदूरहूनही फोन करता येतो. महिना निभावला तर टोकन पाठवायचं, नाही निभावला तर इंदूरचं नाव काढायचं नाही.

मी एका पायावर तयार झाले. पहिल्या आठवड्यातच ह्यांचं विमान खाली उतरणार, याची मला खात्री होती. तेच उतरवायला मदत करायची, असंही मी मनाशी ठरवलं.

ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. "उद्यापासून महिनाभर आम्ही इंदूरला राहत आहोत. घरीच असू. कृपया सहकार्य करावे." त्यावर अर्ध्या तासानं एकानं विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना?

मी सुहासिनीला सगळं समजावून सांगितलं. तिला अशा गोष्टीत भारी रस. "अगं, झकास! बोलणारच नाही मी तुमच्याशी," ती म्हणाली. आमच्या दाराआडच्या खिळ्यांवर निम्म्या मजल्याच्या चाव्या टांगलेल्या असतात, त्या सगळ्या तिनं ओच्यात घालून नेल्या. खालच्या सिक्युरिटीलाही सांगितलं, की पार्सलं आता आमच्या चौदाशे तीनमध्ये पाठवायची नाहीत. तिथली माणसं गावाला गेली आहेत.

पहिल्या सकाळी हे भाजी आणायला गेले. मीही मागोमाग गेले, मजा बघायला. नेहमीच्याच भाजीवाल्यासमोर उभं राहून हे म्हणाले, "भैया, ये गिलकी क्या भाव दी?" गिलकी म्हणजे घोसाळी, हे चंद्रप्रकाशनं शिकवलेलं. भाजीवाला जुन्नरचा. गेली वीस वर्षं आम्हाला मराठीतूनच फसवतोय. त्यानं आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू, काकांना घरी न्या," तो म्हणाला. "ऊन लागलंय."

संध्याकाळी खरी परीक्षा होती. खाली ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत ह्यांचा रोजचा रमीचा डाव असतो. नियमाप्रमाणे जायचं नव्हतं, पण "इंदूरमध्येही असं मंडळ असणारच, आपण नवीन माणूस म्हणून जाऊ," अशी पळवाट काढून हे गेले. अंबादासला मी आधीच फोन करून ठेवला होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि विचारलं, "आपण कोण? नवीन आहात का?" ह्यांच्या खुर्चीवर भलताच कोणीतरी बसला होता. हे तासभर भिंतीला टेकून दुसऱ्यांचे पत्ते बघत उभे राहिले आणि वर आले. जेवताना आमटीला नावं ठेवली नाहीत, म्हणजे जिव्हारी लागलं होतं.

मी खूश होते. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. फक्त एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता, तो म्हणजे माझा.

पहिले दोन-तीन दिवस मी कान टवकारून बसायची. बेल वाजत नाही म्हणजे वायर तुटली असेल, असं वाटून मी बाहेर जाऊन स्वतःच वाजवून बघितली. मग एका दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवी झाले आणि उठले तेव्हा पाच वाजले होते. दुपारची झोप! नोकरीत असताना ती नव्हतीच, आणि निवृत्त झाल्यावर तर पार्सलवाले होते. मी उठून चहा केला, बाल्कनीत बसले आणि तो पूर्ण प्यायले. गरम होता तोवर. समोर येऊरचे डोंगर दिसत होते. इथं राहायला येऊन दोन वर्षं झाली, पण बसून ते बघायची वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपले. तिसऱ्या दिवशी एकटीच उठून नाट्यगृहात दुपारचं नाटक बघून आले. नाटक सुमार होतं, पण मध्येच "शुभा, चावी कुठाय?" म्हणून कोणाचा फोन आला नाही. येताना रस्त्यावर उभी राहून भेळ खाल्ली. घरी आले तर हे खिडकीशी उभे, कानाला फोन. पलीकडून, खाली ज्येष्ठांच्या खोलीतून, अंबादास बोलत होता.

"कोणी उतरवली? त्यानं? अरे, त्याला पत्ते पिसता तरी येतात का?" हे फोनवर विचारत होते. अंबादास त्यांना चालू डावाचं समालोचन ऐकवत होता. कानाला फोन लावूनच हे जेवले.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते, ते ह्यांनी ऐकलं. "तुला बरं वाटतंय का?" ह्यांनी संशयानं विचारलं. मी फोडणीत मोहरी टाकली. मला भीती वाटायला लागली होती. मला हरायचं नव्हतं, आणि रोज दुपारी मी थोडी थोडी हरत होते.

चौथा आठवडा लागला आणि ह्यांचा धीर सुटला. रविवारची सकाळ होती. दाढी न करता हे स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"शुभा, जमत नाही गं. दूध स्वस्त मिळेल, पण ते स्वस्त मिळालं हे सांगायचं कोणाला? तू म्हणत होतीस तेच खरं. आपण कुठंही जायचं नाही."

इतक्या वर्षांत तू म्हणत होतीस तेच खरं, हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी जिंकले होते. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण जेमतेम पोळी उलटेपर्यंत टिकला.

ह्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं, "आम्ही परत आलो." दहा मिनिटांत बेल वाजली. सुहासिनी ओच्यात चाव्या घेऊन आली आणि आल्या आल्या त्या खिळ्यांवर अडकवायला लागली. पाठोपाठ वरच्या मजल्यावरची मनाली. अंबादास जिलेबी घेऊन आला आणि ह्यांना मिठी मारून म्हणाला, "काय रे, इंदूरहून काही आणलं नाहीस?" घर भरलं. हे इतके फुलले होते की मलाच भरून आलं. मी चहाचं मोठं पातेलं चढवलं.

"काकू, तुम्ही नव्हतात तर माझी पार वाट लागली," मनाली सांगत होती. "दोन पार्सलं परत गेली. उद्या फ्रिजवाला येणारे दुपारी. त्याला तुमच्याकडचीच चावी द्या हं."

"आणि गुरुवारी माझ्याकडचा प्लंबर," सुहासिनी म्हणाली. "अडीचला येतो म्हणालाय. जरा लक्ष ठेव ना, मी भिशीला जाणार आहे."

अडीचला. मी गॅस बंद केला आणि बाहेर आले.

"मला इंदूरला जायचंय," मी म्हणाले.

सगळे हसले. अंबादास तर जिलेबी हातात धरून हसला. मी हसत नव्हते, हे आधी ह्यांच्या लक्षात आलं.

"अगं, पण तूच नको म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते. तेव्हा मी तिथं राहिले नव्हते."

आता कोणीच हसेना. बोलायचं नव्हतं ते सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. तीन आठवडे मी झोपले, म्हणाले. चहा गरम प्यायले. इथं दर दुपारी मी कोणाच्या तरी दारात कोणाच्या तरी माणसावर लक्ष ठेवून उभी असते. नोकरी संपली त्याच दिवशी मला न विचारता ही दुसरी नोकरी लागली आणि हिला रविवारची सुट्टीही नाही. तुम्ही सगळे मला हवे आहात. तुमच्यासाठी मी इतकी भांडले. पण मला थोडी मीही हवी आहे.

सुहासिनीचे डोळे भरले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मला वाटायचं, तुला आवडतं."

"आवडतं गं. पण रोज?"

ती उठली आणि अडकवलेल्या चाव्या एकेक करून पुन्हा खिळ्यांवरून काढायला लागली. रागावून काढतेय की समजून, ते मला कळेना. तेवढ्यात हे मध्ये पडले.

"राहू दे त्या," हे म्हणाले. "चावीला कोणी आलं तर मी देईन. फ्रिजवाला, प्लंबर, सगळे माझ्याकडे पाठवा. नाहीतरी दुपारभर मी घरात बसून करतो काय?"

"तू?" अंबादास म्हणाला. "अरे, तुला स्वतःच्या घराची चावी सापडत नाही."

"शिकेन," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेले आणि चहा गाळायला लागले. निम्मा ओट्यावर सांडला. मी पुसायला जाणार होते, पण सुहासिनीनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि हात सोडला नाही.

आता दुपारी बेल वाजली की हे पळत जातात. ह्यांनी मनालीचा फ्रिज सुहासिनीच्या घरात उतरवून घेतला, प्लंबरला बसवून विम्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि एकूण खूप मजेत आहेत. पार्सलवाले ह्यांना नावानं ओळखतात. मी आतल्या खोलीत दार लावून पडते. बाहेर गोंधळ चाललेला ऐकू येतो, कधी कधी उठून जावंसं फार वाटतं, तरी जात नाही. सुहासिनी संध्याकाळी येते, काहीही काम नसताना, आणि चहा तीच करते.

चंद्रप्रकाशचा फोन अजून येतो. तो तळमजला गेला, पण त्यानं दुसरा बघून ठेवलाय, याहून हवेशीर. हे प्रत्येक वेळी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "काय सांगू गं?"

"सांगा, विचार चाललाय," मी म्हणते.

ह्यांना वाटतं मी चेष्टा करतेय, आणि संध्याकाळची भांडी न सांगता घासतात. मी मात्र खरंच विचार करतेय.