तिसऱ्या टप्प्यावरची भेग

फीत ताणून धरत सुइलानने भेगेच्या दोन बाजूंच्या खुंट्यांमधलं अंतर पुन्हा मोजलं. कालच्यापेक्षा दोन बोटं जास्त. आणखी एकदा मोजायचं काही कारण नव्हतं, तरी तिने मोजलं. मग तिथेच बसून डब्यातली राळ्याची पेज पिऊन टाकली. चव लागली नाही. हल्ली लागायचीच नाही.

हौगौ गावाच्या डोक्यावरचा हा डोंगर देवाने केलेला नव्हता. खाणीने कोळसा नेला आणि निरुपयोगी काळा दगड वर्षानुवर्षं इथे ओतला. त्यातही थोडा कोळसा राहिलेला, त्यामुळे ढिगाऱ्याच्या पोटात आग धुमसायची. पुढे कधीतरी शहाणपण सुचलं. उताराला टप्पे पाडले, वर माती पांघरली, काटेरी झुडपं लावली. आता भेगांवर नजर ठेवायची, जमिनीत पुरलेल्या नळ्यांत सळई सोडून आतली धग पाहायची आणि रोपं जगवायची, हे सुइलानचं काम.

हे काम तिने मागून घेतलं होतं. तिचा नवरा माओशंग याच ढिगाऱ्यावर बुलडोझर चालवायचा. एका सकाळी कडा सुटली आणि बुलडोझरसकट तो आत गेला. आठवडाभर खणलं, पण आतून आग भडकली, उतार पुन्हा हलायला लागला, आणि शोधणाऱ्यांनी हात टेकले. वर माती पडली. तिसरा टप्पा बरोबर त्या जागेवर आला. गावाच्या कबरी मागच्या टेकडीवर होत्या. माओशंगची ही इथे.

भेग नेमकी याच टप्प्यावर पडली होती. कळवली तर माणसं येऊन अख्खा ढिगारा उपसणार, माओशंगसकट. लपवली तर खाली हौगौ होतं, धुराडी आणि दोरीवरच्या कपड्यांसकट.

"काय वहिनी, आज डोंगर काय म्हणतोय?" श्ये मुकादमाने चढ चढता चढता हाक मारली. तो पूर्वी माओशंगच्या हाताखाली होता, तेव्हापासून तिला वहिनी म्हणायचा.

"सरकतोय."

त्याचं हसू मावळलं. धापा टाकत तो वर आला आणि खुंट्यांपाशी वाकला.

"एवढी एका दिवसात फाकली?"

"आधीच दिसली होती मला. परवा माती टाकून बुजवली. पुन्हा उघडली."

"बुजवली? तुम्ही?" तो बघतच राहिला. "आमच्या हातून खुंटी जरा वाकडी झाली तरी सगळ्यांदेखत सालटी काढता, आणि तुम्ही चक्क..."

"मग काढा माझी सालटी."

त्याने काही तसं केलं नाही. तिच्या शेजारी बसून खिशातली सिगरेट काढली, इथे आग चालत नाही हे आठवून परत ठेवली.

"वर कळवलं की हे सगळं खणतील, वहिनी. माहिताय ना?"

"न माहीत असायला काय झालं? कळवा तुम्ही. आणि लोकांना आजच हलवा. माझ्या नणंदेपासून सुरुवात करा, च्यूलिंगला बोचकं बांधायला जन्म लागतो."

लोक हलले, यंत्रं आली. मग मात्र सुइलानच्या मनाने एक आशा धरली. उपसतायतच तर सापडेल तरी. मागच्या टेकडीवर चारचौघांसारखी कबर होईल. रोज ती दोरीपलीकडे उभी राहायची. तिसरा टप्पा लागला तेव्हा श्येने यंत्रवाल्यांना दम भरला, "हळू रे! माणूस आहे आत."

बुलडोझर सापडला. लोखंडी पट्टे भाजून एकमेकांना चिकटले होते, बसायच्या जागी नुसता पत्रा. श्येने स्वतः हाताने आजूबाजूचा दगड चाळला. एक बटणसुद्धा मिळालं नाही.

"इतकी वर्षं भट्टीत होतं सगळं, वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला. "काय राहणार?"

"हं," सुइलान म्हणाली.

दगड ट्रकांत भरला गेला. काही नव्या रस्त्याच्या भरावाला, काही विटांच्या कारखान्याला, काही विहिरींसारख्या खोल जुन्या खाणी बुजवायला. ट्रक चारी दिशांना जात राहिले. तिला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंच तिला वाईट वाटत होतं.

चिनी पंचांगातल्या दहाव्या महिन्याची पहिली तिथी आली. थंडी सुरू होते, म्हणून त्या दिवशी मेलेल्यांना कागदाचे कपडे जाळून पाठवतात. हलवलेले लोक एव्हाना घरी परतले होते. गावातल्या चौकात सुइलान आणि च्यूलिंग आल्या. सुइलानने माओशंगसाठी कोट केला होता, आत कापसाचा पातळ थर घालून.

च्यूलिंग चुन्याने गोल काढायला वाकली. कपडे त्या गोलात जाळायचे. कबरीच्या बाजूला तेवढं उघडं तोंड ठेवायचं, म्हणजे आपला माणूस आत येऊन घेऊन जातो आणि बाकीची भुतं बाहेर राहतात. दरवर्षी ते तोंड ढिगाऱ्याकडे असायचं. आज तिकडे सपाट जमीन होती आणि त्यामागे आकाश.

"वहिनी, तोंड कुठे ठेवू?"

सुइलानने एका रस्त्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"राहू दे. गोल नको काढूस."

"अगं बाई! मग कुठलंही भटकं भूत येईल आणि ओढून नेईल. माझ्या भावाला काय मिळणार?"

"असेल तिथून येईल तो. नाही आला तर दुसरं कुणी घालेल. थंडी त्यांनाही वाजत असेल."

च्यूलिंग चुन्याची मूठ तशीच धरून उभी राहिली. सुइलान उकिडवी बसली, कोट उघड्या रस्त्यावर पसरला, दोन्ही बाह्या हाताने सरळ केल्या आणि काडेपेटी मागितली.