रिकाम्या हातानं आलेला हायड्रोजन

मी नवसागराचा खडा. कुंडल गावच्या अंजनाबाईंची पातेली कल्हई करून झाल्यावर कल्हईवाल्या इमामभाईंनी मला बाईंकडेच ठेवलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या फळीवर बसून घरातलं सगळं ऐकतो. ऐकू नये ते जरा जास्तच.

आधी माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. नायट्रोजनच्या अंगणात पाच इलेक्ट्रॉन. तिघांनी तीन हायड्रोजनांशी जोड्या जमवल्या, एक तुझा, एक माझा. झाला अमोनिया. दोन इलेक्ट्रॉन मात्र घरातच उरले. एवढ्यात दारात चौथा हायड्रोजन! त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीननं काढून घेतलेला. नायट्रोजन म्हणाला, "ये बाबा, माझे दोन हायेत, दोघं मिळून वापरू." दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच घरचे, अशा जोडणीला कॉलेजात को-ऑर्डिनेट बंध म्हणतात. पण एकदा पंगतीत बसल्यावर चारही हायड्रोजन सारखेच. उशिरा आलेला कोणता, सांगा बघू!

अंजनाबाईंच्या लेकीला, राजनंदिनीला, हेच रसायनशास्त्र शिकायला सांगलीला जायचं होतं. पण विषय निघाला की तिचे वडील आबा, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेब, छातीवर हात ठेवून आडवे व्हायचे. डॉक्टर म्हणायचे, काही झालेलं नाही. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशीही सुभेदार धाडकन पडले.

"आवं, उठा की!" अंजनाबाई पदरानं वारा घालू लागल्या. शेजारच्या हरणाबाई कांदा फोडून धावल्या. सुभेदारांचे डोळे घट्ट मिटलेले.

राजनंदिनीनं माझा एक तुकडा ठेचला, पानाच्या डब्यातल्या चुन्याबरोबर तळहातावर चोळला आणि हात आबांच्या नाकाशी धरला. चुन्यानं चौघांपैकी एक हायड्रोजन ओढून नेला. आपली जोडी सावरत नायट्रोजन अमोनिया होऊन उडाला, तो थेट सुभेदारांच्या नाकात!

"आई गं, मेलो!" सुभेदार ताडकन उभे.

"आबा, बेशुद्ध माणूस एवढ्या लवकर सावधान?"

"माझ्या कांद्याला दाद दिली न्हाई, पोरीच्या औषधाला बरी दिली," हरणाबाई म्हणाल्या.

सुभेदार डोळे पुसत राहिले. पुसणं काही थांबेना. "सगळी नोकरी सरहद्दीवर काढली. आता कुठं घरी आलो, तर तू निघालीस."

"मग दर रविवारी डबा घेऊन या की. मी कुठं नातं तोडून निघालेय?"

सुभेदारांनी गाडीची किल्ली उचलली. "चल. उशीर झाला तर म्हणशील, आबांनी मुद्दाम केला."

आता माझा हरभऱ्याएवढा तुकडा उरलाय. सुभेदारांना हात जोडून सांगतो, दिवाळीची सुट्टी संपून पोरगी निघेल तवा पुन्हा आडवं होऊ नका. मी पुरायचा न्हाई.