उचललेले सूर

मायक्रोफोनच्या स्टँडवर वाळत घातलेला पोहण्याचा छोटासा पोशाख थोरलीने दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि खिडकीतून अंगणात भिरकावला. मग गुडघ्यांवर बसून तिने टेबलाखालच्या तारा एकेक करून चाचपल्या. एका तारेवर दातांच्या खुणा होत्या. घरात कुत्रा नव्हता, म्हणजे हे काम धाकट्या भावाच्या शेंडेफळाचं.

"मुलांचं काही राहिलंय का गं तिथे?" बाहेरून आईने विचारलं.

"राहिलं असेल तर राहू दे. माझं त्यांनी काय शिल्लक ठेवलंय?"

धाकट्याच्या घराबद्दल वावगं काही आलं की आईचे कान जरा मंद होत.

घराच्या मागच्या बाजूची ही खोली थोरलीची होती. भिंतींना आवाज शोषणारा जाड फोम, टेबलावर संगणक आणि स्पीकर, कोपऱ्यात पियानो, आणि काचेपलीकडे एका माणसापुरती गायची जागा. तिथे पूर्वी अडगळ असायची. त्यांचे वडील शाळेत संगीत शिकवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा त्यांच्या वहीत आठ गाण्यांच्या चाली निघाल्या. त्या धाकट्याने गायच्या, थोरलीने ध्वनिमुद्रित करायच्या, असं ठरलं. धाकटा नावाजलेला गायक होता, त्यामुळे गाणी काढणारी कंपनीही लगेच मिळाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी सहा गाणी हातावेगळी झाली होती.

आणि मग उन्हाळा आला. धाकट्याच्या घरातली फरशी बदलायची होती, म्हणून तो, त्याची बायको आणि दोन मुलं आठ दिवसांसाठी आली आणि बावन्न दिवस राहिली. त्यातच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दर चार तासांनी थेंब घालायचे, तिला वाकू द्यायचं नाही, शिंकू द्यायचं नाही. 'मुलं मागच्या खोलीत झोपतील, तिथून आवाज बाहेर येत नाही,' असं भावजय म्हणाली, आणि तिचं म्हणणं अगदी खरं होतं. धाकटा सुट्टीभर घसा जपत होता. घसा जपणाऱ्या माणसाला बादली उचलता येत नाही, हे थोरलीला या उन्हाळ्यात नव्याने कळलं.

पण हे सगळं ती विसरलीही असती. बहिणी विसरतात.

एक्कावन्नाव्या दिवशी सकाळी ती आईच्या डोळ्यात थेंब घालत होती. उशाशी रेडिओ चालू होता. धाकट्याची मुलाखत होती आणि आईने ती आठवड्यापासून ध्यानात धरून ठेवली होती.

"वडिलांच्या चाली अपुऱ्या होत्या म्हणे?" मुलाखत घेणाऱ्याने विचारलं.

"हो ना," धाकट्याचा तो गोड, खर्जातला आवाज. "बाबांनी नुसते मुखडे ठेवले होते. अंतरे मी बांधले."

"आणि ध्वनिमुद्रण?"

"ते घरच्या घरीच. तांत्रिक बाजू ताई बघते. हौस आहे तिला."

आठही अंतरे थोरलीने बांधले होते. एकेका ओळीसाठी ती पियानोपाशी आठवडे घालवत असे. वडील या जागी कुठे वळले असते, असं स्वतःला विचारी, आणि मग ते वळले नसते तिथेच नेमकी वळे. धाकट्याला तिने ते फोनवरून शिकवले होते. शब्दागणिक, मात्रेगणिक. तो म्हणायचा, ताई, हे तुला सुचतं कुठून?

"किती छान बोलतो, नाही?" डोळे मिटल्या मिटल्या आई म्हणाली.

"डोळे मिटूनच ठेव," थोरली म्हणाली. "थेंब बाहेर येतील."

दुसऱ्या दिवशी ती मंडळी निघाली. तिने त्यांना प्रवासासाठी फळं कापून डब्यात भरून दिली. धाकट्याने गाडीतून हात हलवला, तिनेही हलवला.

आता खोली तिच्या ताब्यात आली होती. तिने दार लावून घेतलं, संगणक सुरू केला आणि पहिलं गाणं उघडलं.

पडद्यावर धाकट्याचा आवाज लांबट ठिपक्यांच्या रांगेसारखा दिसत होता. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूर. सूर खाली घसरला असेल तर ठिपका रेषेच्या खाली दिसे, मग तो माउसने उचलून हलकेच रेषेवर ठेवायचा. हे काम थोरली अठरा वर्षं करत आली होती. पहिल्यांदा केलं ते मायेपोटी. त्याला सर्दी झाली होती, पहिलंच ध्वनिमुद्रण होतं, आणि एक वरचा सूर काही केल्या लागत नव्हता. नंतर ते अंगवळणीच पडलं. तो गाऊन निघून जायचा. दुपारी वडील आडवे झाले की ती दार लावून बसायची. संध्याकाळी वडील डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "पोराचा एक सूर हलत नाही." ते ऐकून धाकट्याचे कान लाल व्हायचे. वडिलांना कधी कळलं नाही. तिने कळू दिलं नाही. तिचा स्वतःचा सूर कसा आहे, हे त्या घरात कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिने सांगितलंही नव्हतं.

सगळ्या दुरुस्त्या एका आज्ञेत पुसता आल्या असत्या. थोरलीने तसं केलं नाही. तिने एकेक सूर निवडला आणि तो जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवला. सहा गाणी, तीन दिवस. असं सुख तिला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. चौथ्या गाण्यात एका लांब सुरावर तो इतका खाली होता, की तिला एकटीलाच हसू फुटलं. आईने बाहेरून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. तुझा मुलगा गातोय."

गुरुवारी अकरा वाजता धाकटा आला. सोबत कंपनीच्या बाई होत्या. सहा गाणी ऐकून बाई पसंती देणार आणि लगेच सातवं मुद्रित करायचं, असा बेत होता. धाकटा खुशीत होता. त्याने आईच्या पाया पडायच्या आधी तिला रेडिओवरची मुलाखत कशी वाटली ते विचारलं.

"बसा," थोरलीने बाईंना स्पीकरच्या बरोबर समोरची खुर्ची दिली. धाकट्याला दिली ती शेजारची.

पहिलं गाणं सुरू झालं. धाकटा सवयीने मान डोलावत होता. पहिल्या कडव्यापाशी मान थांबली. त्याने स्पीकरकडे पाहिलं, मग थोरलीकडे. ती पडद्याकडे बघत होती. दुसऱ्या गाण्यात त्याने हाताची घडी घातली, तिसऱ्यात सोडली. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. चौथ्या गाण्यातला तो लांब सूर आला. तो खोलीत जणू संपेचना.

"हे कच्चं आहे ना?" बाईंनी जपून विचारलं. "म्हणजे, अजून काम व्हायचंय?"

"नाही," थोरली म्हणाली. "हे गायलंय तसं आहे."

धाकट्याच्या मानेवरची शीर उडत होती. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्या जाणत्या होत्या. "मी जरा आईंशी बोलून येते," असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

धाकटा खुर्चीतच तिच्याकडे वळला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

"सगळी?"

"सगळी."

तो ओरडेल, तिच्यावर उलटेल, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिने उत्तरं तयार ठेवली होती, चांगली धार लावून. पण तो नुसता गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. चाळिशी उलटलेला हा माणूस एकाएकी शाळेत नापास झालेल्या मुलासारखा दिसायला लागला. मग त्याने मान वर केली.

"बाबांना माहीत होतं?"

हा प्रश्न तिने गृहीत धरला नव्हता. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. तिला मुलाखत आठवली, तो गोड आवाज, ती हौस.

"माहीत होतं म्हणजे?" ती म्हणाली. "शेजारी बसून तेच सांगायचे, कुठला सूर उचलायचा ते."

धाकट्याने दोनदा मान हलवली, एखादा पत्ता समजून घ्यावा तशी. मग तो उठला आणि बाहेर गेला.

दार नीट लागलं नव्हतं. थोरलीला सगळं ऐकू येत होतं. आधी आईचं काहीतरी, मग बाईंचं, मग त्याचा आवाज. तो खर्जातला नव्हता.

"अंतरे ताईचे आहेत. आठही. तिचं नाव टाका. रेडिओवर मी खोटं बोललो."

"अरे, काय बोलतोस हे?" आई म्हणाली.

"खरं तेच बोलतोय, आई."

थोरलीने टेबलाची कड धरली. हेच तर हवं होतं. यापेक्षा जास्त काही मागायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. पण यासाठी तिने त्याचं काय काढून घेतलं, ते फक्त तिलाच माहीत होतं, आणि ते परत द्यायला दारापर्यंत सहा पावलं चालावी लागणार होती.

ती उठायच्या आतच तो परत आला. बाईंनी दोन आठवडे दिले आहेत, एवढंच म्हणाला. तिच्याकडे न बघता तो काचेपलीकडे गेला, हेडफोन चढवले आणि हातातला सातव्या गाण्याचा कागद सारखा केला.

"अंतऱ्यापासून घेतो," तो म्हणाला. "तुला हवा तसा सांग. उचलायचं नाही काही."

तिने सांगितलं. त्याने गायलं. घसरला.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा गायलं. बाहेर आईने बाईंना चहा दिला, बाई गेल्या, फाटक वाजलं. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. पाण्याचा ग्लास संपला तरी त्याने मागितलं नाही. दहाव्या वेळी आवाज चिरकला. चौदाव्या वेळी पहिल्या दोन ओळी लागल्या. त्याला थांबवून बाबांचं खरं काय ते सांगायचं शब्दागणिक तिच्या ओठांवर येत होतं, आणि शब्दागणिक ती पुढची मात्रा मोजत होती.

एकोणिसाव्या वेळी तो डोळे मिटून गायला. वडील जिथे वळले नसते तिथे तो वळला, अलगद, आणि पडद्यावर सगळे ठिपके आपापल्या रेषेवर येऊन बसले. एकही खाली नव्हता. तिने अंतरा बांधला तेव्हा मनात ऐकला होता, तो हाच. तिच्या अंगावर काटा आला.

सूर विरला. त्याने डोळे उघडले आणि काचेतून तिच्याकडे पाहिलं. सूर लागला का, हे अठरा वर्षांत पहिल्यांदाच तो तिला विचारत होता.

थोरली माईककडे झुकली.

"पुन्हा," ती म्हणाली.