'सतरा खोटी बिलं'चं गाऱ्हाणं

मी एक कादंबरी. नाव 'सतरा खोटी बिलं'. ऐकलं नसेल तुम्ही, मला त्याची सवय आहे. माझ्या शेजारणीचं मात्र नक्की ऐकलं असेल: 'पिस्तुलवाली सेक्रेटरी'.

आम्ही दोघी त्र्याऐंशी साली घाटकोपरच्या राजारामभाऊंच्या वाचनालयात आलो. विषयही एकच, कंपनीतली अफरातफर. तिच्यात चेअरमन लाखो रुपये घेऊन हेलिकॉप्टरने पळतो. माझ्यात एक कारकून गेटवरची आवक वही तपासत बसतो. बिलं चुकती झाली, पण मालाचा ट्रक गेटातून आत आलाच नाही, हे तो शोधून काढतो. हेलिकॉप्टर नाही, कबूल.

भाऊंकडे रिवाज होता, वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा. तिच्या पानावर 'झकास!', 'एका बैठकीत संपवली', 'शेवट काय आहे यार!' जागा संपली तेव्हा भाऊंनी तिला नवा कागद चिकटवून दिला. माझ्या पानावर दोनच ओळी: 'हिशेब फार' आणि 'झोप चांगली लागली'. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात जयवंत नावाच्या वाचकाने कहर केला. शेवटचं पान सोडून त्याने पहिल्याच पानावर लिहिलं, 'चोर खरेदी अधिकारी आहे. टाइम घालवू नका.' झालं! तीन वर्षं मला कुणी घरी नेलं नाही. शेवटी भाऊंनी मला रद्दीच्या ढिगात टाकलं.

तिथून मला लताने उचललं. ती विक्रोळीच्या एका कारखान्यात टायपिस्ट, तिचा धाकटा भाऊ खंडू तिथेच स्टोअरकीपर. स्टोअरमध्ये माल कमी भरला म्हणून साहेबांनी खंडूला चोर ठरवून सस्पेंड केलं होतं. पंधरा दिवसांनी चौकशी होती.

"ती नको नेऊ गं, चोर कोण ते आधीच लिहून ठेवलंय कुणीतरी," राजारामभाऊ म्हणाले.

"चोर कोण ते मला पण माहितीय ना, भाऊ. कसा चोरतो ते बघायचंय."

मला जन्मात कुणी असं मागून नेलं नव्हतं.

पण मला ऑफिसात न्यायचं तर नाव साहेबांना दिसणार. म्हणून लताने शेजारीणही घरी आणली, तिचं पिस्तुलाच्या चित्राचं कव्हर काढलं आणि माझ्यावर चढवलं. शेजारीण तशीच उघडी वाचनालयात परत गेली. पंधरा दिवस मी तिच्या नावाने हिंडले. जेवणाच्या सुट्टीत लता आणि बिल विभागातली तिची मैत्रीण प्रेमा मला समोर ठेवून बिलांच्या तारखा काढायच्या आणि वॉचमन कुंडलिकच्या वहीशी ताडून बघायच्या. नऊ ट्रक गेटवर आलेच नव्हते. चौकशीत ती वही समोर आली, चोर इथेही खरेदी अधिकारीच निघाला, त्याची नोकरी गेली आणि खंडू कामावर परतला.

मी फुलून गेले. आता तरी माझ्या पानावर दोन बरे शब्द पडतील!

पहिल्या पगाराला खंडू पेढे घेऊन आला. "ताई, वाचनालयात जाऊन आलो. तुझ्या त्या पुस्तकावर लिहिलं, 'या कादंबरीने माझी नोकरी वाचवली.' भाऊ एवढे खूश झाले की त्यांनी ती बाहेरच्या काचेत लावली."

"कुठल्या पुस्तकावर रे?"

"पिस्तुलवाली सेक्रेटरी! रोज तुझ्या हातात बघायचो ना."

"अरे, वाचलीस तरी का?"

"वाचायचंय काय त्यात? काम झालं ना!"

लता पोट धरून हसली. मला नाही हसू आलं. खंडूची नोकरी वाचली याचा मला आनंद आहे, पण खोटं कशाला बोलू, अर्धाच. राबले मी आणि काचेत मिरवतेय ती. तिला तर गेटवर वही असते हेसुद्धा ठाऊक नाही.

आता मी लताच्या फळीवर असते, अंगावर अजून तेच पिस्तूल. फार काही मागत नाही. घाटकोपरला गेलात तर तिला काचेतून काढायला सांगा आणि खंडूच्या ओळीखाली एवढंच लिहून या: 'ही ती नव्हे.'